आठ दिवसांचा आवाज

तार दुपारी आली. लग्नाला पाच दिवस झाले होते आणि मी मंठ्याला सासरी जेवायला बसलो होतो. सासऱ्यांनी वाचून दाखवली, 'दादा गंभीर, जालन्याला या.' ताट तसंच राहिलं. एसटीत बसलो तरी डोक्यात एकच फिरत होतं... त्यानं दम्याचा पंप पुन्हा सुरू केला होता का? सहा आठवडे झाले, अजून तो प्रवास डोक्यातून जात नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, बदनापूरला प्राथमिक शाळेत मास्तर होता. दमा त्याला लहानपणापासूनचा. आधी स्टेरॉइडच्या गोळ्यांवर होता. गोळ्यांनी दम बसायचा, पण तोंड सुजून असं गोल व्हायचं, की वस्तीतल्या बाया वहिनीला म्हणायच्या, "मास्तर चांगलेच सुटले की." पुढं हाडं ठिसूळ होतील म्हणून औरंगाबादच्या डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू उतरवल्या आणि मुंबईहून तोंडात मारायचा पंप मागवून दिला. तेही स्टेरॉइडच, पण थेट छातीत जाणारं, म्हणून अगदी थोडं पुरतं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन फवारे, नंतर चूळ भरून टाकायची. त्यांनी बजावलं होतं, "बरं वाटलं तरी आपल्या मनानं सोडू नका." दादा चक्क सायकलनं शाळेत जायला लागला.

फक्त आवाज बसला. आणि वस्तीत लग्न असो, नामकरण असो, कुणी गेलेलं असो, त्रिशरण-पंचशील दादानंच म्हणायचं, हे ठरलेलं. माझ्या लग्नाआधी तो वंदना म्हणून बघत होता आणि घशातून नुसती खरखर निघत होती. मीच म्हणालो, मूर्खासारखा, "आठ दिवस बंद ठेव की तो पंप. दुसऱ्या कुणी म्हणलेलं मला न्हाई चालणार."

"डॉक्टर रागावतील रे."

"त्यांना सांगतंय कोण? लग्न झालं की मंग घे बराबर."

वहिनी मधे पडल्या, दादा हसला आणि पंप कपाटात गेला. चार-पाच दिवसांत आवाज मोकळा झाला. मग खोकला सुरू झाला, तेव्हा मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. खरं सांगतो, टाळत होतो. लग्नात त्यानं वंदना म्हणली, मांडव चिडीचूप. मधेच एकदा श्वासासाठी थांबला... पण सावरला.

जालन्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. वहिनी बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. "लग्नाच्या गडबडीत ऱ्हाऊनच गेलं, काल चालू केल्ता पंप," त्या म्हणाल्या, "पण लय उशीर झाल्ता, भाऊजी." त्यापुढं मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मागच्या आठवड्यात औरंगाबादला डॉक्टरांकडे गेलो. काय ऐकायला गेलो होतो, कोण जाणे. ते म्हणाले, "आवाज बसतो, मला माहीत होतं. चूळ नीट भरतात का बघितलं असतं, झेपतील तेवढे फवारे कमी केले असते. एकदम सोडायचं कारणच नव्हतं. विचारायला यायचं होतं." लग्नपत्रिका वाटायला आम्ही दोघं त्याच शहरात दोनदा गेलो होतो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. तिनं हातातली भाकरी थापून तव्यावर टाकली. मग खाली बघूनच म्हणाली, "घोगऱ्या आवाजात म्हणले असते, तरी आपलं लग्न लागलंच असतं की."