आपांना माती द्यायची राहिली

फोन आला तेव्हा मी सुरतेत पर्वत पाटियाच्या बाजारात साड्यांवर चिकटवायचे खडे घेत होते. "आपा गेल्या," त्यांची भाची शबनम म्हणाली. मी विचारलं, "कुठे?"... आदल्या दिवशीच तर माझ्या हातचं भरीत खाऊन "मीठ विसरलीस गं" म्हणाल्या होत्या. महिना होत आला, पण मला अजून ते खरं वाटत नाही.

रझियाआपा मूळच्या धुळ्याकडच्या, शिकल्या सुरतेतल्या मराठी शाळेत आणि लिहायच्याही मराठीत. तलाकवर, बायकांच्या वारसाहक्कावर लिहिलं म्हणून त्यांच्या लोकांनी बोल लावले, आमच्या लोकांनी "मुसलमान असून किती शुद्ध मराठी!" म्हणून कौतुक केलं. त्यांना या कौतुकाचाच राग जास्त यायचा. आमच्या गोडादरा वस्तीत त्यांच्या ओट्यावर आम्ही बाया खडे लावत बसायचो आणि त्या नवा लेख वाचून दाखवायच्या. जिच्यावर लिहिलंय तिनं हो म्हटल्याशिवाय छापायला द्यायच्या नाहीत. एकदा मी नको म्हटलं, तर चार पानं माझ्यासमोर फाडली. त्यांचा गाजलेला लेख मात्र स्वतःवरचा होता : आईला माती द्यायला पुरुष गेले आणि पोटची लेक दारातच राहिली. ऐकून आम्ही ढसाढसा रडलो. "तुमच्या वेळी आम्ही येऊ, बघाच," असं मीच मोठ्या तोंडानं म्हटलं. त्या हसल्या होत्या.

आणि त्या दिवशी... जनाजा उठला, पुरुष निघाले. मी चप्पल घातली. माझी जाऊ हळूच म्हणाली, "बाया जातीस का तठे?" बस, एवढंच. कोणी अडवलं नाही, कोणी डोळे वटारले नाहीत. तरी मी चप्पल काढली. पंधरा-वीस जणी होतो, एकीनंही पाऊल उचललं नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! स्वतःचीच शरम वाटते.

गेल्या शुक्रवारी सकाळी एकटीच कबरस्तानात गेले. वाटलं, म्हातारा रखवालदार हाकलेल. त्यानं विचारलं, "रझियाआपा के वहाँ से?" मी मान हलवली. कबरीपाशी नेऊन तो म्हणाला, "आपा ने कमिटी से मंजूरी ले रखी थी. बोली थीं, मेरी औरतें आएँगी. मर्द लोग मिट्टी देके चले गए, तो भी मैंने गेट खुल्ला रखा... बहुत राह देखी, बेन. कोई नहीं आया."