बेचाळिसावा बाण

एनिड फ्राउडने एकतीस वर्षं एबर्ली गावचं टपाल सायकलवरून वाटलं. खडूच्या टेकड्यांत शेतघरं लांब लांब. एक पत्र द्यायला एक चढ चढायचा, दुसरं द्यायला तोच उतरायचा. नोकरी संपली तरी तिचे पाय घरी बसेनात, तेव्हा सायकल मंडळाने तिला वाट आखायचं काम दिलं. त्यालाही आता बारा वर्षं झाली होती.

मार्चच्या तिसऱ्या रविवारी मंडळाची मोठी फेरी निघे. चाळीस मैल, ऐंशी-नव्वद माणसं. आधल्या दिवशी एनिड एकटी सगळी वाट फिरून फाट्याफाट्यावर पिवळ्या पत्र्याचा बाण बांधी. एकूण बेचाळीस बाण. टोक ज्या अंगाला, त्या अंगाला वळायचं. टोक जमिनीकडे असेल, तर सायकलवरून उतरायचं आणि कडेच्या गवतावरून चालायचं. का, ते विचारायचं नाही. सगळ्यांच्या मागून क्लेमंट टॅरंट येई, एकेक बाण सोडून पिशवीत टाकत. कानाने अधू, पण मोजणीला पक्का. बेचाळीस गेले की बेचाळीस परत आलेच पाहिजेत. एके वर्षी एका बाणासाठी तो पावसात नऊ मैल मागे गेला होता.

त्या वर्षीचा हिवाळा ओला गेला. खडूचा डोंगर पाणी अंगावर ठेवत नाही, पोटात घेतो. फेब्रुवारीत त्याचं पोट भरलं आणि अकरा वर्षं कोरडा पडलेला ओढा गावातून वाहू लागला, एनिडच्या फाटकासमोरून. पाणी काचेसारखं. तळाची गारगोटी न् गारगोटी मोजावी. मुलं त्यात कागदाच्या होड्या सोडत. म्हातारी माणसं मात्र काठावर उभी राहून नुसता रंग बघत आणि घरी जात.

शनिवारी एनिड बाण बांधत बांधत बॅजर घळीशी आली. दोन्हीकडे माणसाच्या दुप्पट उंचीचे पांढरे काठ, मधून सरळ गावात उतरणारी अरुंद सडक. फेरीतला सगळ्यांचा आवडता उतार तो. तळाचा बाण ती सकाळी गावातून निघतानाच बांधून आली होती. आता वरचे दोन बांधले आणि ती उतरू लागली. मध्यावर थांबली. चंडोल गात नव्हते. सडकेच्या खालून आवाज येत होता, भिंतीपलीकडे कुणी हळू आवाजात बोलत असावं तसा. तिने सायकल आडवी केली, गुडघे टेकले, डांबराला कान लावला. पाणी होतं. पुढे डाव्या काठातून ते बोटभर धारेने बाहेरही येत होतं.

आणि ते दुधासारखं पांढरं होतं.

स्वच्छ पाणी म्हणजे डोंगर झिरपतोय. पांढरं पाणी म्हणजे डोंगर आतून पोखरला जातोय. ती मागे फिरली, वरचे दोन्ही बाण सोडले आणि ते उजवीकडे, कड्यावरून गावात येणाऱ्या सहा मैलांच्या वळशाच्या तोंडाशी बांधले. तिसरा तळाशीच राहिला. वळसा घालून खाली पोचेपर्यंत दिवस मावळत आला होता. घळीतून कुणी येणारच नाही, मग तो बघणार कोण, असं म्हणून ती घरी गेली.

जाताना मंडळाच्या कप्तानाच्या दारात थांबली. कप्तान नायजेल स्टर्जेस पंचेचाळिशीचा. सायकलच्या दांड्यावर वाट दाखवणारं यंत्र बसवणारा मंडळातला पहिला माणूस.

"घळ बंद करायची? आत्ता? एनिड, सगळ्यांच्या यंत्रात वाट भरून झालीय."

"खालून पाणी वाहतंय नायजेल. पांढरं."

"सहा वर्षांपूर्वी तुम्हाला भेग दिसली होती. ऐंशी माणसांना कड्यावरच्या वाऱ्यात हाकललंत. रस्ता खचला का?"

"नाही खचला."

"मग? आता पत्र्याचे बाण आणि तुमचं गुडघेदुखीवरून हवामान सांगणं, दोन्ही पुरे झालं. पुढल्या वर्षापासून यंत्रच वाट दाखवेल, कमिटीत ठरलंय. तुम्ही गावच्या हॉलमध्ये बसा, चहा ओता."

रविवारी धुकं होतं. एनिड पहाटेच निघून घळीच्या फाट्यावर गेली आणि सायकल रस्त्यात आडवी घालून उभी राहिली. धुक्यातून आधी साखळ्यांची करकर यायची, मग माणसं.

"काय गं एनिड, टपाल बंद झालं म्हणून नाका लावलास का?" एकजण हसला.

"उजवीकडे वळ. घरी गेल्यावर हस."

यंत्र डावीकडे म्हणत होतं, बाण उजवीकडे. माणसं कुरकुरली, पण वळली. नायजेल मात्र तिच्या सायकलीला वळसा घालून, टोपीला हात लावून घळीत शिरला. एनिड कान देऊन उभी राहिली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग खालून, अगदी खालून, त्याची घंटी वाजली. मुद्दाम, तीनदा.

शेवटची टोळी गेली. क्लेमंटसाठी थांबावं असं तिला वाटलं. पण तो तासभर मागे असणार, आणि तो बाण बघूनच चालणारा. त्याला काय वेगळं सांगायचं? ती वळशाने निघाली.

हॉलमध्ये वाफाळता चहा आणि चरबी-साखरेच्या लार्डी केकचे चिकट तुकडे होते. नायजेल मधोमध उभा.

"या, या! मी कधीचा आलोय. रस्ता होता तिथेच आहे."

एनिडने त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. ती त्याच्या पायांकडे बघत होती. पोटऱ्यांवर पांढरे ओघळ वाळले होते, पातळ चुना सांडावा तसे.

"हे कुठे लागलं?"

"मधे जरा पाणी होतं रस्त्यावर. बोटभर."

"काल काठातून येत होतं. आज रस्त्यावर आलं?"

नायजेलने काही तरी विनोद करायला तोंड उघडलं. तेवढ्यात मेव्हिस आत आली, पंक्चर काढून उशिरा पोचलेली. "क्लेमंटला बघितलं का कुणी? फाट्यावर बसून बाण मोजत होता बिचारा. वळशाच्या तोंडचे दोन्हीही काढून झाले होते. म्हणाला, एकेचाळीसच भरतात, एक कमी. घळीच्या तळाचा दरवर्षी असतो, एनिड विसरली नसणार. डबा खाऊन पुन्हा मोजतो, मग घळीतून उतरून तो आणतो म्हणाला."

एनिडने कप खाली ठेवला. ती बाहेर पळाली. हॉलपासून घळीचा तळ अर्धा मैल. इतक्या वर्षांत या रस्त्यावर तिने पायडल कधी उभं राहून मारलं नव्हतं, आज मारलं. ओढ्याच्या कडेने जाताना तिने पाण्याकडे बघायचं टाळलं.

तळाशी खांबावर बाण होता, पिवळाधमक, टोक गावाकडे: या, या म्हणत असलेला.

वर घळीत धुकं विरळ झालं होतं. पांढऱ्या काठांमधून क्लेमंट येत होता, मागच्या कॅरिअरवर पिशवी, मान वर. बाण दिसला म्हणून खूश. त्याच्या नि तिच्या मधे रस्ता ताटासारखा किंचित खोलगट झाला होता आणि त्यात दूध साचलं होतं.

"क्लेम! थांब!"

वारा तिच्या तोंडावर. त्याच्या कानांना एवढ्या अंतरावरून तोफही पुरली नसती. त्याने हसून हात केला.

एनिडने बाण खांबावरून ओरबाडला. तार तळहातात घुसली. दोन्ही हातांनी तो डोक्यावर धरून तिने टोक खाली केलं, जमिनीकडे.

क्लेमंटने ब्रेक दाबला. का, असं त्याने विचारलं नाही. म्हातारपणाने जमेल तितक्या लगबगीने तो उतरला आणि कडेच्या गवतावर चढला, सायकल डांबरावरून ढकलत. चार पावलं आला असेल. पुढचं चाक खोलगट जागेत गेलं आणि खाली गेलं, मग आणखी खाली. एनिडने बाण खाली झटकला, पुन्हा झटकला. क्लेमंटने हात सोडला.

मोठा आवाज झालाच नाही. कुणी तरी जड श्वास घ्यावा तसं काहीसं झालं, आणि सडक नव्हती. सायकल, पिशवी, एकेचाळीस बाण. खोल कुठे तरी पत्रा पत्र्यावर वाजला, एकदाच.

क्लेमंट काठाला पाठ लावून, मुळ्या धरत, गवताच्या पट्टीवरून तिच्यापर्यंत आला. तोंड खडूने पांढरं.

"एनिड," तो म्हणाला, "माझी मोजणी गेली गं."

"एक आहे," ती म्हणाली. "धर."

दुपारी तो तिच्या स्वयंपाकघरात घोंगडी पांघरून बसला होता. नायजेल फाटकाशी आला, पण आत आला नाही. टोपी हातात, पोटऱ्या अजून तशाच.

"एनिड, घळ बंद केलीय दोन्हीकडून. पुढल्या वर्षी वाट तुम्हीच..." तो घळीच्या दिशेने बघू लागला. "सरकारी माणसं येतायत. विचारतायत, पोकळी कुठपर्यंत असेल. तुम्हाला काय वाटतं?"

एनिड बाहेर आली. फाटकासमोर ओढा वाहत होता. सकाळी दिसलेल्या गारगोट्या आता दिसत नव्हत्या. मधोमध एक पांढरा दोरा पाण्यातून सरळ येत होता, घळीकडून नव्हे, तिच्याच घराच्या मागच्या टेकडीकडून.

ती आत गेली, क्लेमंटच्या मांडीवरचा बाण उचलला. मग बाहेर येऊन तो फाटकाला तारेने घट्ट बांधला, टोक जमिनीकडे करून.

"क्लेमला बाहेर आण," ती नायजेलला म्हणाली. "गवतावरून. सावकाश."