भंगारात गेलेल्या मशीनचं नाव

सुरुवातीलाच सांगते, म्हणजे खाली कुणी शहाणपणा करायला नको... मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. आमचं घर आष्टीचं, आजोबांच्या काळापासून बौद्ध. कुणी अंगात येण्याबिण्याच्या गप्पा काढल्या तर आप्पा भरल्या ताटावरून उठायचे. मी स्वतः एमसीए केलंय, घनसावंगीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. हा ग्रुप तीन वर्षं वाचतेय आणि निम्म्या अनुभवांना हसलेय. आज मीच लिहितेय. आणि घाबरून नाही, चिडून लिहितेय.

माझ्या आधी ही लॅब साळवे सर सांभाळायचे. मी तासिका तत्त्वावर लागले तेव्हा मला नेटवर्कची केबलसुद्धा धड लावता येत नव्हती, सगळं त्यांनी शिकवलं. सरांच्या मिसेस, कमलकाकू, काचबिंदूनं पूर्ण आंधळ्या झाल्या. काकूंना वाचनाचं भलतं वेड. पेपर, मासिकं, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सोडायच्या नाहीत. डोळे गेल्यावर सरांनी त्यांच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. मराठी मजकूर द्यायचा, तो मोठ्यानं वाचून दाखवतो. रिटायर होताना लॅबच्या अडगळीतली एक जुनी मशीन त्यांनी दुरुस्त करून घरी नेली आणि त्यावर तो बसवला. तेव्हाच्या प्राचार्यांनी तोंडी परवानगी दिली होती. तोंडीच, कागदावर काही नाही.

सर अचानक गेले. हार्ट अटॅक. जालन्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आणि पाचव्या दिवशी, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही व्हायचा होता, तेव्हा कॉलेजनं रिक्षा पाठवून ती मशीन उचलून आणली. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या वस्तूंच्या नोंदवहीत, तिचा नंबर होता म्हणे. आता आलेल्या नव्या प्राचार्यांना सगळं बराबर हवं होतं.

मशीन परत मागणाऱ्या पत्रावर लॅब इन्चार्ज म्हणून सही कुणाची? माझी. मी प्राचार्यांना एकदा म्हणाले, सर, ती मशीन इथं कुणाच्या उपयोगाची नाही. ते म्हणाले, मॅडम, पुढच्या वर्षी नेमणुकीची ऑर्डर पाहिजे ना? मी सही केली. मशीन महिनाभर स्टोअररूममध्ये धूळ खात पडली आणि मग बाकीच्या लोखंडाबरोबर भंगारात गेली. एका पोरानं जरी त्यावर टायपिंग शिकलं असतं ना, तरी माझा एवढा जीव जळला नसता.

आठ महिने मी काकूंच्या घराकडे फिरकले नाही. शेवटी लाज वाटून गेले. काकूंनी चहा केला. निघताना एवढंच म्हणाल्या, "माणूस गेला ते समजून घेतलं मी. पण मशीन काहून नेली, ते काही समजलं न्हाई."

त्यानंतर मी एक छोटा बोर्ड मागवला. हातात मावेल एवढा कॉम्प्युटर, पॉवर बँकेवरही चालतो. सरांच्या प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, माझ्याकडे पेन ड्राइव्हवर होताच. दहा मिनिटांचं काम, असं समजून एका रविवारी दुपारी मी घनसावंगीला काकूंच्या घरी गेले. घर स्टँडच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या, पत्र्याचं छत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सोर्समधून प्रोग्राम तयार करताना आधी एक स्क्रिप्ट चालते. ती मशीनला विचारते, तू कोण? कुठल्या जातीचा प्रोसेसर, कुठली सिस्टीम? उत्तर मिळालं तर काम पुढे सरकतं. सरांनी वापरलेली स्क्रिप्ट जुनी आणि माझा बोर्ड नवा. त्यात मोबाईलमध्ये असतो तसला प्रोसेसर. स्क्रिप्टनं हात वर केले... सिस्टीमचा प्रकार ओळखता येत नाही, तुम्हीच सांगा. मी हातानं प्रकार लिहून दिला. तर शेजारची दुसरी फाईल म्हणाली, असला प्रकार मला माहीतच नाही. उपाय सोपा असतो, या दोन फायली नेटवरून नव्या आणायच्या. पण तेवढ्यात लाईट गेली, आणि तिथं लाईटबरोबर मोबाईलची रेंजही जाते. बोर्ड आणि त्याचा छोटा स्क्रीन तेवढे पॉवर बँकेवर चालू होते.

पंखा बंद, पत्रा तापलेला. काकू समोर खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसलेल्या. त्यांनी आठ महिने वाट पाहिली होती आणि मी त्यांना सांगणार होते की पुढच्या रविवारी येते. मला इतका राग आला... प्राचार्यांचा, महावितरणचा, आणि सगळ्यात जास्त माझा. त्या रागात मी तीच कमांड पुन्हा मारली. एक अक्षर बदललं नव्हतं. कॉम्प्युटरच्या माणसाला माहीत असतं, यानं काही होत नाही.

पण झालं. स्क्रिप्टनं सिस्टीमचा प्रकार छापला, आय-६८६. म्हणजे जुन्या बत्तीस बिटच्या पीसीचा प्रोसेसर. सरांची ती भंगारात गेलेली मशीन होती तसला. माझ्या हातातल्या बोर्डाचा त्याच्याशी काही संबंध नाही. मला वाटलं कचरा छापला असेल. तरी पुढची कमांड दिली आणि एकही एरर न येता प्रोग्राम तयार झाला.

सोर्सबरोबर चाचणीसाठी सरांनी टाईप केलेली एक फाईल होती, तीच वाचायला दिली. छोट्या स्पीकरमधून आवाज आला, घनसावंगी तालुक्यात ऊसतोडणीला सुरुवात... पेपरातल्या साध्या बातम्या, एकापाठोपाठ एक. काकू पुढे सरकल्या. तोंडावर हसू नाही, काही नाही, नुसत्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे करून बोर्ड चाचपला आणि म्हणाल्या, "ह्याचा पंखा अजून तसाच टकटक करून राह्यला. तेल घाला म्हणलं तर कधी घातलं न्हाई त्यांनी."

त्या बोर्डाला पंखा नाही. त्यात हलणारा एकही भाग नाही.

मला आवडलं असतं इथं लिहायला की मला काहीच ऐकू आलं नाही. पण आलं. घरघर, आणि प्रत्येक फेऱ्याला एक बारीक टक. ती मशीन अडगळीत जायच्या आधी लॅबमध्ये तिच्याशेजारी मी दोन वर्षं बसलेली आहे. मी बोर्ड उचलून कानाशी धरला. आवाज त्यातूनच येत होता.

मला काय झालं माहीत नाही, मी काकूंना सांगून टाकलं. मशीन न्यायच्या पत्रावर माझी सही होती, म्हणाले. बातमी तिकडे वाचली जात होतीच. काकूंनी मान माझ्याकडे वळवली.

"ठाऊक हाय मला. शिपायानं दारात उभं राहून पत्र वाचून दाखवलं होतं, नावासकट."

आठ महिने त्यांना माहीत होतं. मला चहा पाजला तेव्हाही माहीत होतं. मी रडले. त्या बातमी ऐकत होत्या.

सव्वातीनच्या सुमाराला लाईट आली. छताचा पंखा सुरू झाला आणि स्पीकरमधला आवाज अर्ध्या वाक्यात तुटला. बोर्ड चालूच होता. मी प्रोग्राम पुन्हा चालवला तर उत्तर आलं की ही फाईल या मशीनवर चालूच शकत नाही. त्यानंतर शंभर वेळा चालवून बघितली. एकदाही चालली नाही.

आता तुमच्या कमेंट्स मीच लिहून टाकते. पेन ड्राइव्हवर जुना तयार प्रोग्राम असेल? असेल. फाईलची तारीख त्या दुपारचीच आहे, पण बोर्डाचं घड्याळ लाईटबरोबर चुकतं, म्हणून तारखेवर मी भांडत नाही. स्क्रिप्टनं प्रकार चुकीचा ओळखला तरी कोडपासून प्रोग्राम बनवणारा कंपायलर त्याच बोर्डासाठी फाईल बनवतो? बरोबर, तसंच व्हायला पाहिजे होतं. पण मी तपासलं, फाईल जुन्या पीसीच्या प्रोसेसरचीच आहे. दुसऱ्या प्रोसेसरचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर? बोर्डावर नव्हतं, एक-एक पॅकेज बघितलं. आणि हे सगळं मान्य केलं तरी ती फाईल पाऊण तास चालली कशी? पंखा नसलेल्या वस्तूतून पंख्याचा आवाज? "मॅडम, तुम्ही इमोशनल होता" असं लिहिणाऱ्यांनी कृपा करून लिहू नये. इमोशनल मी होते, प्रोसेसर नव्हता.

सोमवारी मी प्राचार्यांकडे गेले. अनुभवाचं काही बोलले नाही, तेवढी अक्कल आहे. लेखी अर्ज दिला की साळवे सरांच्या घरून मशीन आणणं चूक होतं, मी सही करायला नको होती, आणि कॉलेजनं काकूंची माफी मागावी. त्यांनी वाचला, हसले आणि म्हणाले, "मॅडम, भंगाराची माफी कुणी मागतं का?" अर्जाची पोच दिली नाही. मी दुसरी प्रत रजिस्टर पोस्टानं पाठवली. यंदा माझी ऑर्डर अजून निघालेली नाही. न निघो.

त्याच आठवड्यात आष्टीला घरी बसून त्या दोन फायली नव्या टाकल्या. पाच मिनिटांत बोर्डानं आपला खरा प्रकार सांगितला, प्रोग्राम नीट तयार झाला. काकूंकडे तो आता रोज चालतो, पंख्याची टकटक नाही. सकाळी पेपर ऐकून त्या मला फोन करतात आणि अग्रलेख लिहिणाऱ्याला शिव्या घालतात.

ती पहिली फाईल मी जपून ठेवलीय. त्या दिवसाचा लॉगही आहे, त्यात पहिल्या दोन वेळचा नकार आणि तिसऱ्या वेळचं आय-६८६, सगळं छापलेलं आहे. मला आजपर्यंत याचं उत्तर सापडलेलं नाही. ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी घनसावंगीला यावं, त्याच बोर्डावर ती फाईल एकदा चालवून दाखवावी. आतापर्यंत दोघं आले, एक पुण्याचा, एक संभाजीनगरचा. दोघांनी लॅपटॉप उघडले, दोन-दोन तास बसले, काकूंच्या हातचा चहा घेतला आणि लॅपटॉप मिटून स्टँडकडे गेले.