पॅसेजमधली प्लेट

वॉटफर्डहून शलाकाच्या दादाचा फोन आला तेव्हा मी एडिनबरातल्या माझ्या स्वयंपाकघरात पत्रकांच्या घड्या घालत होते. "मेंदूत रक्तस्राव झाला... गेली गं ती." त्या फोनला आता काही आठवडे झाले. या काळात ज्यानं त्यानं मला तेच ऐकवलं: गुणी मुलगी, चांगली नोकरी, अजून लग्नसुद्धा व्हायचं होतं. एका बाईंनी तर तिच्या हातच्या पुरणपोळ्या आठवून डोळे पुसले. शलाकाला पुरण शिजवता येत नव्हतं. तिला चेंडू टाकता यायचा, आणि तिच्यासारखा चेंडू टाकणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. हे कुणीच लिहिणार नसेल तर मी लिहिते.

शलाका अमरावतीची. शाळेपासून सॉफ्टबॉल खेळलेली. इथे इंजिनिअरिंगला आली आणि युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल क्लबात घुसली. घुसली असंच म्हणायला हवं, कारण बाकी सगळे मुलगे होते, आणि मुलींना मनाई आहे असं नियमात लिहून ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. आम्ही दोघी एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. एकदा सरावाला माणसं कमी पडली म्हणून तिनं मलाही ओढून नेलं. मी चेंडू बऱ्यापैकी टोलवला आणि पुण्याच्या गल्ली-क्रिकेटच्या सवयीनं हात वर करून ओरडले, "नो! नो रन!" बेसबॉलमध्ये असा टोला बसला की पळावंच लागतं, हे मला काय ठाऊक! शलाका हसत हसत गवतावर बसलीच. "अगं बाई, इथे विचारायचं नसतं. मारलंस ना? मग पळ!"

हिवाळ्यात मैदानाचा चिखल व्हायचा आणि दुपारीच अंधार पडायचा. म्हणून आमचा लांबलचक पॅसेज हेच तिचं मैदान. एका टोकाला भिंतीशी गादी उभी केलेली, तिच्यापुढे जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीनं आखलेली पाच कोनांची प्लेट, म्हणजे फलंदाजापुढची खूण, जिच्यावरून चेंडू जायला हवा. ती दुसऱ्या टोकाहून टाकायची. चेंडू सरळ आपल्या खांद्यावर येतोय असं वाटायचं... आणि अगदी शेवटी, जिना उतरावा तसा तो प्लेटवरून गुडघ्यापाशी उतरायचा. रोज बघूनही माझा विश्वास बसत नसे. तिचा नियम एकच होता: प्लेटपाशी उगाच रेंगाळायचं नाही. उभं राहायचं तर बॅट घेऊन.

तिच्या शेवटच्या वर्षी आमचा संघ फायनलला पोचला, तो तिच्या हाताच्या जोरावर. तेव्हा समोरच्या संघाच्या कप्तानाला साक्षात्कार झाला की मुलीनं पिचिंग करणं, म्हणजे चेंडू टाकणं, 'सेफ' नाही. सगळ्या मोसमात होतं, फायनललाच नव्हतं! आणि आमचा कप्तान कॅलम, हा भला माणूस, आमच्या घरी येऊन तिला म्हणाला, "तू लांब मैदानात उभी राहा ना. उगाच वाद नको." माझं डोकंच फिरलं. मी बहिष्काराचं पत्रक तिथल्या तिथे लिहायला घेतलं. शलाकानं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "तू थांब गं जरा. बहिष्कार घातला तर मी खेळायचं कधी?" मग कॅलमच्या हातात बॅट दिली आणि प्लेटकडे बोट दाखवलं. "एक तरी मार. मग जाते लांब."

कॅलम हवेत बॅट फिरवत राहिला आणि गादी धपाधप वाजत राहिली. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई तणतणत वर आल्या, दारात थबकल्या आणि कॅलमचे दोन-तीन फटके हुकताना बघून त्याला म्हणाल्या, "बाळा, तुला दिसतंय ना नीट?" कॅलम खो खो हसला. बॅट खाली ठेवून म्हणाला, "शनिवारी तूच टाकायचंस. कोण काय म्हणतंय ते मी बघतो."

शनिवारी तिनंच टाकलं. एका धावेनं आम्ही पुढे, आणि शेवटचा फलंदाज तोच, तिच्या सुरक्षिततेची काळजी वाहणारा कप्तान. चेंडू खांद्याकडे येताना बघून तो डोकं झाकून मातीतच बसला... चेंडू त्याला वळसा घालून प्लेटवरून गेला. अंपायरनं हात उंचावला. तिसरा स्ट्राइक! तीन झाले की बाद! शलाका ओरडली नाही, नाचली नाही. मातीत बसलेल्या त्या गृहस्थाला हात देऊन तिनं उठवलं आणि विचारलं, "तू सेफ आहेस ना?"

पुढे ती नोकरीसाठी वॉटफर्डला गेली. तिथल्या क्लबानं तिला आपुलकीनं धावफलक सांभाळायला दिला. तिचा दंड शाबूत होता, पण तिला टाकायला कुणी दिलं नाही, आणि आता बिचारी म्हणून हळहळतात. बिचारी नव्हती ती. बिचारे तुम्ही, ज्यांनी तिला टाकताना पाहिलंच नाही.

मी अजून त्याच फ्लॅटमध्ये राहते. गादी केव्हाच गेली, चिकटपट्टी मात्र आहे, कडा काळवंडलेली. घरमालक बघायला येणार म्हणून नवी फ्लॅटमेट ती खरवडायला निघाली होती, मी तिचा हात धरला. मी स्वतः आजही त्या प्लेटला वळसा घालून जाते. फोन आला त्या संध्याकाळी मात्र शलाका इथेच ठेवून गेलेली जुनी बॅट काढली आणि प्लेटपाशी जाऊन उभी राहिले. समोर रिकामा पॅसेज... आणि माझा खांदा आपोआप मागे झाला.