पहिल्या रांगेतली पोरं

ओल्या चुन्याचा वास आला, की मला तेल्हाऱ्याजवळची ती जिल्हा परिषदेची शाळा आठवते. मी तिथे नवीनच मुख्याध्यापिका होते आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याहून मोठे साहेब शाळा तपासायला येणार होते. भिंतींना चुना मारून झाला, तसे जुने गुरुजी सवयीने म्हणाले, "मॅडम, ज्याईले वाचता येत नाही, त्याईले उद्या घरीच राहू द्या. आमी दरवर्षी तसंच करतो." माझं डोकंच फिरलं. त्याच संध्याकाळी मी घरोघरी जाऊन बजावलं, की उद्या पोरगं शाळेत पाहिजे म्हणजे पाहिजे. सकाळी ती सगळी पोरं मी पहिल्या रांगेत बसवली. साहेबांनी समोरच्याच मुलीच्या हातात पुस्तक दिलं. ती पानाकडे पाहत राहिली आणि गुरुजी माझ्याकडे. "चौथीत आहे ना ही? मग तुम्ही शिकवता काय?" साहेब कडाडले. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. रागात माझी वऱ्हाडीच बाहेर पडली, "साहेब, वाचणारी पोरं मागं बसली हायेत, त्याईले तुमची गरज नाही. हिले हाये. दोन वर्ग एकाच मास्तरवर चालून राहिले. आंधी मास्तर द्या, मंग मले विचारा." साहेब चहा न घेताच निघून गेले. पुढच्या आठवड्यात मला नोटीस आली आणि तिच्या मागोमाग एक नवीन शिक्षिकाही. आता शाळा तपासायला मीच जाते. भिंतीला ताजा चुना दिसला, की पुस्तक मागायच्या आधी एवढंच विचारते, "आज घरी कोणाले ठेवलं?"