उसाच्या तुऱ्यापर्यंत

सोनल बारामतीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. प्रोजेक्ट म्हणून तिनं मोबाईलवरचा गेम बनवायचं ठरवलं, ते आईच्या एका बोलण्यावरून. आई, कौसल्या, लोणी देवकरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. पाळीभर उभं राहून भवानीनगरला घरी आली की भिंतीला टेकून पाय लांब करायची. एकदा तशीच बसल्या बसल्या म्हणाली, "सपनात मी उडती बग. पर उसाच्या तुऱ्यापतुरच. त्याच्या वर गेलं की हात भरून येत्यात."

"सपनात बी दमतीस?"

"व्हय. तितंबी."

सोनलच्या गेममध्ये झोपलेली एक बाई उसावरून उडायची. वर गेली की तिचे हात जड व्हायचे, मग बांधावर उतरावंच लागायचं. ठरलेल्या वेळात पुन्हा उडाली नाही, तर खेळ संपला.

प्रोजेक्टमधला जोडीदार दीपकला हे पटेना. "दमायला कोण गेम खेळतं? तिच्या मागं कुणीतरी लाव, पळू दे." वाद वाढला आणि तो दुसऱ्या गटात गेला. उरलेलं काम सोनलनं एकटीनं ओढलं. एसटीत जागा मिळाली तर मांडीवर लॅपटॉप घेऊन, नाही तर उभ्यानंच विचार करत.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी बाई दोनदा उडवली. "ही सारखी थकतेय. जिंकायचं कसं?"

सोनलला पास होण्यापुरते गुण पडले.

गुरुवारी आईला सुट्टी असते. सोनलनं मोबाईल तिच्या हातात दिला. आईनं बाई उडवली, बांधावर उतरवली आणि बघत राहिली. वेळ संपली, बाई नाहीशी झाली.

"आत्ता तर टेकली हुती गं. लगीच उठवतीस?"

सोनलनं वेळेची अट काढून टाकली, तर बाई बांधातून खाली पडायला लागली. काही केल्या जमेना. शेवटी तिनं दीपकला फोन लावला. "येतो," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी तो इस्त्रीच्या शर्टातच आला. चूक त्यानं शोधून दुरुस्त केली. मग बाई उडवून उतरवली आणि मोबाईल नुसता धरून बसला.

"बिघडलं का काय?" सोनलनं विचारलं.

"न्हाय. बसलीय ती." मोबाईल खाली ठेवून म्हणाला, "आज नोकरीच्या मुलाखतीला गेलो हुतो. न्हाय म्हणाले."

आई उठली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं.