बिनफोडणीचा डबा

त्या आठवड्याचा विषय निघाला की अजूनही मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, झालं यांचं सुरू, आता अंगणात येरझारा घालतील. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांच्या वेळी मी घरी येऊन पोटभर जेवत असे. या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नाही आणि माझं मात्र जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

दौंडहून बदली होऊन मी शिरूरला आलो होतो. तालुक्याचं सबजेल म्हणजे काय, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. तिथे शिक्षा झालेले कैदी नसतात. खटला चालू आहे, जामीन झालेला नाही, अशी न्यायालयीन कोठडीतली माणसं असतात. कारभार महसूल खात्याचा आणि पहारा आम्हा पोलिसांचा. सकाळी गिनती, मग चहा, तारीख असेल त्यांना कोर्टात नेणारी पार्टी आणि ठरलेल्या दिवशी मुलाखत. मुलाखत म्हणजे जाळीच्या अलीकडे आरोपी, पलीकडे नातेवाईक आणि मध्ये आमचा माणूस. हल्ली मोबाइलवर व्हिडिओ मुलाखतही होते, पण गावाकडच्या माणसाला त्यात राम वाटत नाही. जाळीला बोटं लावल्याशिवाय त्याची भेट झाल्यासारखी होत नाही.

कोर्टाची परवानगी असेल तर घरचा डबाही चालतो. त्याची पद्धत अशी की ज्याने डबा आणला त्याने गार्डसमोर प्रत्येक जिन्नसातला पहिला घास स्वतः खायचा. भाकरी मोडून बघायची, कालवण ढवळायचं, मगच डबा आत. लोकांना हे अपमानाचं वाटतं. पण भाकरीच्या पापुद्र्यात ब्लेडचं पातं मी स्वतः पाहिलेलं आहे, त्यामुळे मी कुणाची भीड ठेवली नाही.

कवठे येमाईचा एक तरुण तेव्हा आत होता. पिकअप चालवायचा, म्हणून बराकीत सगळे त्याला ड्रायव्हर म्हणत. मीही इथे तेच म्हणतो. शेताच्या बांधावरून शेजाऱ्यांशी मारामारी झाली, एकाच्या डोक्यात पहार बसली आणि हाफ मर्डरचा, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा, गुन्हा दाखल झाला. पोरगा तापट, पण आत आल्यापासून शांत होता. मुलाखतीला त्याचे वडील यायचे, त्यांना सगळे आप्पा म्हणत. डबा त्याच्या आईच्या हातचा. आप्पा पहिला घास खाताना दरवेळी गार्डला म्हणायचे, "खाऊन बगा की साहेब, आमच्या मंडळीच्या आमटीला अख्ख्या गावात तोड न्हाई." लसणाच्या फोडणीचा वास व्हरांडाभर सुटायचा. ड्रायव्हरची बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, दौंड तालुक्यात खुटबावला गेली होती.

एका सकाळी बराकीतल्या माझ्या खबऱ्याने गिनतीच्या वेळी हळूच कानावर घातलं, "साहेब, ड्रायव्हर तारखेला पळणार हाय."

"कशावरून?"

"जेवत न्हाई. रात-दिस फेऱ्या मारतोय. कोर्टात गाडी कुठल्या दारानं नेत्यात, पार्टीत किती माणसं असत्यात, समदं इचारून घेतलंय त्यानं."

अशी खबर आली की पोलिसाच्या डोक्यात चक्रं फिरू लागतात. मी मुलाखतीला कोण आलं ते विचारलं. आप्पा यायचे बंद झाले होते, त्यांच्या जागी एक चुलतभाऊ डबा आणत होता. दाढी वाढलेली, मान खाली. आप्पांचे गुडघे धरलेत, एवढंच सांगायचा. माझा संशय बळावला. माणूस बदलला म्हणजे बेत शिजतोय, असा माझा अनुभव. बाहेर गाडी लावून कोण उभं राहणार, याचाच मी विचार करू लागलो.

ड्रायव्हरला कार्यालयात आणलं. समोर बसवलं. मी बराच वेळ काही बोललो नाही. गप्प बसणं हे चौकशीतलं जुनं हत्यार आहे, समोरचा स्वतःच बोलू लागतो. हा बोलेना. त्याचे पाय मात्र एकसारखे हलत होते, बाकडं कुरकुरत होतं.

"पळून कुठे जाणार होतास?" मी सरळच विचारलं.

त्याने वर पाहिलं. डोळे लाल.

"घरी."

"घरी? पहिल्यांदा आम्ही तिथेच येणार, एवढं कळत नाही?"

"या की. मला निस्तं बगायचंय. बगितलं की बसतो गाडीत."

"काय बघायचंय?"

तो एकदम पुढे झुकला. "साहेब, डब्याला फोडणी न्हाई."

मला वाटलं, पोरगं भ्रमिष्ट झालं. तो म्हणाला, "डबे येत्यात, पर फोडणी कशालाच न्हाई. डाळ निस्ती उकडल्याली. बटाटं मीठ लावून. त्याल न्हाई, लसूण न्हाई. आन् डबा आननारा दादा दाढी करीना. घरात सुतक हाय, साहेब. कोन गेलंय ते मला सांगत न्हाईत."

गार्ड अंमलदाराने हळूच मान हलवली. आमच्या भागात घरात मयत झालं की दहावा होईपर्यंत चुलीवर फोडणी पडत नाही. हे त्याला ठाऊक, मला ठाऊक, शाळकरी पोरालाही ठाऊक. रोज तो डबा डोळ्यांसमोरून जात होता आणि आम्ही त्यात ब्लेड शोधत होतो.

"आयला दम्याचा तरास हाय," तो म्हणाला. "आन् हिचं दिवस भरत आलंत. आय का ही, येवढं तरी सांगा. एकीचं नाव घेतलं की दुसरीसाठी रडू येतं मला. मी काय करू?"

तडक गाडी काढून मी कवठे येमाईला गेलो. आप्पा दारातल्या जोत्यावर बसले होते. दाढी वाढलेली, पायांत काही नाही. मला बघून उठले, पण बोलायच्या आधीच हात जोडले. आतल्या खोलीत कोपऱ्यात दिवा जळत होता, त्याच्याजवळ ड्रायव्हरच्या आईचा फोटो. दहावा दोन दिवसांवर आला होता.

"लेकाला का नाही कळवलं?" मी विचारलं.

"तिनंच सांगितलं हुतं, साहेब. शेवटच्या दिवशी म्हनली, त्याला दोरीत बांधून माझ्यापुढं आनू नका. बांधापलीकडची बगत्याल. पोरगं मान वर करून गावातनं हिंडलंय. त्याचं दहाव्याला असं ध्यान नगं. जामीन झाल्यावर सांगू म्हनलं. तवर डबा चालू ठिवला, त्याला कळू नये म्हनून."

"अहो, पण बिनफोडणीचा डबा पाठवलात!"

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं बोललो. "मग काय करू? त्यालाबी सुतक हायच की. सख्खी आय गेलीया त्याची. त्याच्या तोंडात फोडणीचं कसं घालू?"

लेकाशी खोटं बोलायची तयारी होती, पण सुतक मोडायची नव्हती. मला रागही आला आणि भडभडूनही आलं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मी त्यांना काय सांगणार! मी एवढंच म्हणालो, "आप्पा, तो तारखेला पळणार होता. गार्डने गोळी घातली असती तर या घरात दुसरं सुतक आलं असतं."

आप्पा खालीच बसले. मग म्हणाले, "सांगा. पर दोरी नगं."

येताना रस्त्यातून खुटबावला फोन लावला. ड्रायव्हरच्या मेहुण्याने सांगितलं, बहीण ठणठणीत आहे, बाळंतपण अजून व्हायचंय. मला थोडं हायसं वाटलं. निदान एक बरी बातमी सांगायला हातात होती. जेलपर्यंत मी वाक्यं जुळवत राहिलो, पहिल्यांदा कुठून सुरुवात करायची, मग काय म्हणायचं.

तो जाळी धरून उभाच होता. माझ्या तोंडून निघालं, "खुटबावला सगळं ठीक आहे. बायको सुखरूप आहे तुझी."

त्याने जाळी सोडली.

"म्हंजी आय," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला.

बरी बातमी म्हणून जे सांगितलं तेच त्याच्या छातीत घुसलं. त्यानंतर तो रडला. बराकीतले इतर आरोपी, एरवी एकमेकांचा साबण चोरणारे, त्याच्याभोवती बसून राहिले.

त्याच्या वकिलाने अर्ज केला, कोर्टाने दहाव्यासाठी पोलीस बंदोबस्तात काही तासांची परवानगी दिली. आदेशात गणवेशाचा उल्लेख नव्हता. मी आणि दोन जवान साध्या कपड्यांत निघालो, खासगी गाडीने. दोरी नव्हती, मी त्याचा हात हातात धरला होता. नदीच्या घाटावर ही गर्दी. आमच्याकडे दहावा म्हणजे प्रवचन, मग माइकवर श्रद्धांजलीची भाषणं, पुढाऱ्यांना तेवढीच संधी. बांधापलीकडचेही आले होते, कारण वैर कितीही असलं तरी दहाव्याला यायचं असतं. ते टोप्या हातात घेऊन मागे उभे होते. माझी नजर त्यांच्यावर आणि शेजारच्या उसावर. उसात शिरलेला माणूस पुन्हा सापडत नाही.

कुणीतरी माझ्याकडे बघून विचारलं, "हे कोन?"

आप्पा पटकन म्हणाले, "दौंडचं पाव्हणं."

मग न्हावी आला. मुलाने आणि भाऊबंदांनी डोक्यावरचे केस काढायचे, अंघोळ करायची, मग पिंड. त्याचा हात सोडावाच लागला. एक हात पोलिसाच्या हातात देऊन कुणाला ओंजळ करता येत नाही. जवानांना मी दोन बाजूंना उभं केलं आणि स्वतः पायऱ्यांवर थांबलो. सगळे पाण्यात उतरले आणि बाहेर आले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलोय. समोर सगळी तुळतुळीत डोकी, सगळ्यांच्या अंगावर ओली पांढरी धोतरं, एकाच रक्ताची एकसारखी नाकं. त्यातला माझा कोणता, मला ओळखू येईना.

ऊस सळसळला की मी तिकडे वळून बघायचो. जवानांकडे पाहिलं, तेही माना उंच करून शोधत होते. हाक मारावी तर पाहुण्याचं सोंग उघडं पडणार, गावासमोर त्याच्या आईची शेवटची इच्छा मोडणार. न मारावी तर नोकरी जाणार. माइकवर कोणी पुढारी बोलतच होता. पिंड ठेवले गेले, लोक मागे सरले. मी वेड्यासारखा एकेकाच्या तोंडाकडे बघत गर्दीतून पुढे सरकलो.

मागून एक ओला, गार हात माझ्या हातात आला.

"पाव्हणं, हिकडं हाय मी," तो म्हणाला. "चला. झालं माझं."

परत येताना गाडीत तो झोपला. मला मात्र घाम येत राहिला.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. मुलाखतीचा माणूस बदलला किंवा डबा परत जाऊ लागला की आधी घरी फोन करायचा, बंदोबस्त नंतर वाढवायचा. पळून जाणाऱ्यांत पुष्कळांना सुटायचं नसतंच, घरी काय झालंय एवढंच बघायचं असतं. हे कायद्याच्या पुस्तकात मला सापडलं नाही. नव्या पोरांना मी सांगायचो, काही ऐकायचे, काही मागे हसायचे.

सोयऱ्यापाहुण्यांना आधी घास देऊन सुतक संपवायचं ते गोडाचं जेवण झालं, त्याच दिवशी आप्पा स्वतः डबा घेऊन आले. झाकण उघडलं तसा व्हरांडाभर लसणाच्या फोडणीचा वास सुटला. शेजारच्या पुडात पुरणपोळी होती. नियमाप्रमाणे गार्ड म्हणाला, "आप्पा, पहिला घास तुम्ही."

आप्पांनी पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

"आज न्हाई. आदी पाव्हण्यांनी खायाचा," ते म्हणाले. "त्याबिगर आमचं सुतक फिटत न्हाई."

नियम मी मोडत नसे. त्या दिवशी मोडला. जाळीपलीकडे तो उभा होता, डोक्यावर नुकते बारीक केस उगवलेले. मी घास तोंडात घातला, तसा त्याने जेवायला हात पुढे केला.